लग्नविधी आपला वाटावा म्हणून: कुठे हात घालायचा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी मराठी, मुलगा पुण्यातच वाढलेला गुजराती. अडीचशे पाहुणे, एसी कार्यालय, मुहूर्त दुपारी १२ वाजून २५ मिनिटांचा. विधी वैदिकच हवा, पण तो ‘आमचा’ वाटायला हवा. कन्यादान नको. मुलीचे वडील हयात नाहीत, म्हणून आईने मागे उभं राहायचं, हेही नको. दोघांना आपले शब्द बोलायचे आहेत. आणि गुरुजी म्हणतात, ‘सगळं केलं तर साडेतीन तास लागतील.’

आधी एक गाठ सोडवू. ‘शास्त्रात बदल चालत नाही’ असं घरात कोणी म्हणालं, तर आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात विवाहविधी ज्या वाक्याने सुरू होतो ते दाखवा: ‘अथ खलूच्चावचा जनपदधर्मा ग्रामधर्माश्च तान्विवाहे प्रतीयात्’. म्हणजे देशोदेशीच्या आणि गावोगावच्या चाली निरनिराळ्या असतात, लग्नात त्या पाळाव्यात. पुढे सूत्रकार म्हणतो, जे सगळीकडे समान आहे तेवढंच आम्ही सांगतो. त्यात मुख्यतः पाणिग्रहण (हात हातात घेणं), लाजाहोम (अग्नीत लाह्या वाहणं), अश्मारोहण (वधूने दगडावर पाय ठेवणं), अग्नीला प्रदक्षिणा, सप्तपदी आणि ध्रुव-अरुंधती दर्शन येतं. आज आपण ज्याला ‘लग्न’ म्हणतो त्यातलं बरंच काही, अगदी मंगलसूत्र आणि मंगलाष्टकंसुद्धा, या यादीत नाही. ती चाल आहे. चाल सुंदर असते, पण ती बदलत आलेली आहे.

कायद्याचंही तेच. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झाला तरी लग्न वैध असतं. त्या विधीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. कन्यादानाचा त्या कलमात उल्लेखही नाही. म्हणून कन्यादान वगळल्याने लग्नाला बाध येत नाही, सप्तपदी मात्र ‘वेळ नाही’ म्हणून गुंडाळू नका. विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं तर त्या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता वेळेचं गणित, कारण सगळी फजिती तिथेच होते. मुहूर्त म्हणजे मंगलाष्टकं सुरू करण्याची वेळ नव्हे, ती संपून अंतरपाट दूर होतो आणि माळा पडतात तो क्षण. एक मंगलाष्टक निवांत चालीवर म्हटलं तर पाऊण ते एक मिनिट घेतं. तुम्ही आठ म्हणणार असाल, शेवटचं ‘तदेव लग्नं’ गुरुजींचं धरून, तर नऊ मिनिटं हाताशी ठेवा. म्हणजे १२ वाजून १५ मिनिटांनी पहिला सूर लागला पाहिजे, नवरी १२ वाजून ८ मिनिटांनी पाटावर उभी पाहिजे आणि मेकअपची खोली पावणेबाराला सुटली पाहिजे. हे उलट गणित कोणी मांडत नाही. मग मावशीने आठ दिवस खपून लिहिलेलं मंगलाष्टक गुरुजींना मध्येच तोडावं लागतं. उलटही होतं: सगळी म्हणून झाली आणि चार मिनिटं उरली की तीच ती पुन्हा ओढत बसावी लागतात. म्हणून मुलीच्या मैत्रिणीकडे एक जास्तीचं कडवं ‘राखीव’ म्हणून देऊन ठेवा.

मंगलाष्टक हीच मराठी लग्नातली सगळ्यात मोकळी जागा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. पारंपरिक मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात. एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) म-स-ज-स-त-त-ग. लघु (ल) आणि गुरू (गा) अक्षरांत मांडलं तर: गा गा गा, ल ल गा, ल गा ल, ल ल गा, थांबा, गा गा ल, गा गा ल, गा. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही शेवटची सात अक्षरं याच मापाची आहेत. त्यामुळे चौथ्या ओळीत तुम्हाला पहिली बाराच अक्षरं लिहायची असतात. नमुन्याला दोन ओळी:

येई हा अनिकेत हासत पुढे, दारी उभी सायली
आत्यांनी धरिला मधेच पडदा, दोघे उभे संमुखी

नावं कुठे बसतील ते आधी पाहा, उरलेली ओळ त्याभोवती विणा. ‘सायली’, ‘केतकी’ अशी गा-ल-गा मापाची नावं ओळीच्या अगदी शेवटी, म्हणजे १७ ते १९ या अक्षरांवर, चपखल बसतात. ‘अनिकेत’, ‘प्रथमेश’ (ल-ल-गा-ल) चौथ्या अक्षरापासून. ‘समीर’, ‘मृणाल’ (ल-गा-ल) सातव्यापासून. ‘आदित्य’ (गा-गा-ल) यतीनंतर लगेच. ‘मधुरा’, ‘सुरभी’ (ल-ल-गा) यतीच्या आधी. नाव बसतच नसेल तर घरातलं लाडाचं नाव घ्या. ओढूनताणून दीर्घ केलेलं नाव मांडवात हशा पिकवतं.

लिहिताना हमखास होणाऱ्या चुका अशा. जोडाक्षरामागचा लघु गुरू होतो, हे विसरलं जातं. ‘तुझ्या’, ‘तिच्या’ यांत मात्र मराठीत आघात येत नाही, तिथे पहिलं अक्षर लघुच राहतं. सर्व नातेवाइकांची नावं कोंबली की चार ओळींची मतदार यादी होते. एका कडव्यात दोन, फार तर तीन नावं पुरेत. बाकी नात्यांनी सांगा: आजी, मामा, काका. तिसरी गोष्ट व्याकरणाची. ‘कुर्यात्’ म्हणजे ‘करो’, एकवचनी. त्याच्या आधीच्या बारा अक्षरांत मंगल करणारा एक कर्ता असला तर ओळ पूर्ण होते, जसं ‘आशीर्वाद असा घरातिल जुना, कुर्यात् सदा मंगलम्’. आजी-आजोबा दोघं कर्ते केले की संस्कृत शिकलेले कान टवकारतात. बाकीच्यांना कळणारही नाही, त्यामुळे यावरून भांडण नको.

लिहून झालं की कागद बाजूला ठेवून चालीवर म्हणून पाहा आणि फोनवर रेकॉर्ड करा. अडखळाल तिथे मात्रा चुकलेली असते, गळा नव्हे. तुमच्याकडे चार कडवी मराठी आणि एक गुजराती असं सहज जमेल. गुजराती कडव्याला वृत्ताचा आग्रह धरू नका, त्याच चालीवर बसलं म्हणजे झालं. म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र छापील कागद द्या, अक्षर १८ पॉइंटचं. मोबाइलवरून वाचलं की नेमका त्याच वेळी फोन येतो.

अंतरपाटालाही हात लावता येतो. आजीच्या जुन्या नऊवारीतून केलेला अंतरपाट ही छान कल्पना आहे आणि खर्चही नाही. सुमारे दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तुकडा घ्या. जुनं कापड विरविरीत झालेलं असतं, म्हणून अस्तर लावा, नाहीतर आरपार दिसतं आणि अंतरपाटाचा अर्थच राहत नाही. वरच्या कडेला नेफा शिवून पडद्याची हलकी दांडी किंवा बांबूची काठी ओवा. नऊ मिनिटं हात वर धरून कापड मध्ये झोळ खातं, हे फोटोत पाहिल्यावरच कळतं. कुंकवाचं स्वस्तिक आदल्या दिवशी काढून वाळवा. ओलं कुंकू शालूला लागलं तर जात नाही. धरायला कोण, यावर बंधन नाही. एक बाजू गुरुजींनी धरायची पद्धत असली, तरी दोन आत्या किंवा दोन्हीकडची एकेक भावंडं धरू शकतात.

तुमच्या जोडीचं भाग्य असं की अंतरपाट गुजराती लग्नातही असतो. मुलीला मामाने मांडवात आणणं दोन्हीकडे आहे, भावाने लाह्या देणं दोन्हीकडे आहे, सप्तपदीत सुपाऱ्या दोन्हीकडे मांडतात. दोन पद्धती जुळवताना बहुतेक घरं एका पद्धतीमागे दुसरी लावतात आणि लग्न दुप्पट लांबतं. त्याऐवजी दोन कोऱ्या कागदांवर दोन्हीकडचे विधी ओळीने लिहा, समान असतील त्यांना जोडणारी रेघ मारा आणि ते एकदाच करा. उरलेल्यांपैकी प्रत्येक बाजूने दोन निवडायचे. गुजराती बाजूला हस्तमेळाप आणि चार मंगळफेरे सोडवणार नाहीत. मराठी बाजूला बहुधा गौरीहर (मुहूर्ताआधी वधूने करायची पूजा) आणि मंगलाष्टकं. पाणिग्रहण आणि हस्तमेळाप मुळात हात हातात देण्याचाच विधी आहे, तिथे दोन्ही भाषांत एकेक वाक्य सांगून एकदाच करा. लाजाहोमाच्या प्रदक्षिणा आणि मंगळफेरे यांचंही तसंच; आकडा चार ठेवला की दोन्ही घरं खूश. मात्र हे जुळवणं लग्नाच्या सहा-आठ आठवडे आधी दोन्ही गुरुजींना एकत्र बसवून करा. मांडवात दोन पुरोहित भेटले तर दोघांचं बरोबर असतं आणि वेळ तुमचा जातो.

कन्यादानाबद्दल. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत: ‘तुभ्यमहं संप्रददे’ (‘मी तुला देतो’) हे दानाचं वाक्य, आणि ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’ (‘धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलू नकोस’) ही वराकडून घेतलेली हमी, ज्यावर तो तीनदा ‘नातिचरामि’ (‘डावलणार नाही’) म्हणतो. लोक दान नको म्हणून सगळंच काढतात आणि विधीतलं सगळ्यात वजनदार वचन घालवून बसतात. दान काढा, वचन ठेवा. दोघांकडूनही घ्या. ‘नातिचरामि’ हे प्रथमपुरुषी क्रियापद आहे, त्याला लिंग नाही. वधूनेही जसंच्या तसं म्हटलं तर व्याकरण कुठे मोडत नाही. फक्त तिला विचारताना ‘नातिचरितव्या इयम्’च्या जागी ‘नातिचरितव्यः अयम्’ करावं लागेल, तेवढं गुरुजींना आधी सांगा. पुढे दोन्हीकडच्या आयांनी मिळून दोघांच्या जोडलेल्या हातांवर पाण्याची धार धरली की दृश्य तेच राहतं, देणं-घेणं मात्र निघून जातं. ज्या गुरुजींना हे मान्य नसेल त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, दुसरे गुरुजी शोधा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने प्रशिक्षण दिलेले स्त्री-पुरुष पुरोहित अर्थ मराठीत सांगत संस्कार करतात, तशी माणसं तुमच्या अपेक्षेच्या जवळची आहेत. आणि पुरोहितच नको असेल, तर सत्यशोधक पद्धत १८७३ पासून चालत आलेली आहे. त्यात वधू-वर पद्यातून एकमेकांशी बोलतात, म्हणजे ‘आपले शब्द’ ही काही कालची मागणी नव्हे.

आईचं आणि वडिलांचं. सकाळच्या पुण्याहवाचनाला, म्हणजे मंगलकार्याच्या सुरुवातीच्या विधीला, यजमान म्हणून सपत्नीक बसतात, म्हणून वडील नसले की काका-काकूंना बसवलं जातं आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. आजकाल बरेच गुरुजी आईला एकटीला, किंवा तिच्यासोबत मुलाला अथवा भावाला, यजमानपदी बसवतात. विचारायचं ते असं: ‘संकल्प आईच्या नावाने सांगाल का?’ ‘चालेल का?’ असा मोघम प्रश्न केला तर उत्तरही मोघमच येतं. हळदीला ‘पाच सवाष्णी’ ऐवजी ‘घरातल्या पाच जणी’ म्हटलं की वाद न होता काम होतं, आणि पहिली हळद आईच्या हातची लागते.

गेलेल्या वडिलांसाठी रिकामी खुर्ची आणि हार घातलेला फोटो स्टेजवर ठेवायची पद्धत अलीकडे आली आहे. ठेवायचा तर ठेवा, पण विधीत त्यांच्यासाठी जागा आधीपासूनच आहे: पुण्याहवाचनातलं नांदीश्राद्ध. नावात श्राद्ध असलं तरी ते मंगल आहे. त्यात आई, आजी, पणजी; वडील, आजोबा, पणजोबा; आणि आईकडचे आजोबा यांच्या पिढ्यांचं स्मरण होतं. आठवडाभर आधी ही नावं मोठ्यांना विचारून कागदावर लिहा. ऐनवेळी पणजीचं नाव कोणालाच आठवत नाही आणि मग ‘गंगा’ म्हणून वेळ मारून नेली जाते. गुरुजींनी नाव उच्चारल्यावर आईने किंवा भावाने मराठीत एकच वाक्य बोलायचं. कोण होते, काय करायचे. सहा-सात माणसांना मिळून तीन मिनिटं. हे सकाळी नऊ वाजता वीस माणसांसमोर होतं, आणि ते तसंच बरं. कोण हयात आहे यावर त्यातली नावं बदलतात, ते गुरुजी पाहतील; तुम्ही यादी द्या.

आता ‘आमचे शब्द’. माळा पडल्या की काय होतं? अडीचशेतले दोनशे लोक पंगतीकडे वळतात. सप्तपदी होते तेव्हा समोर जवळचे तीस-चाळीस जण, दोन फोटोग्राफर आणि एक झोपलेलं बाळ. सप्तपदीसाठी जीव ओतून लिहिलेली वचनं सगळ्यांनी ऐकावीत अशी तुमची कल्पना असेल, तर ती तिथे फसते. दोन उपाय आहेत. पहिला, केटररला सांगून जेवण मुहूर्तानंतर ४० मिनिटांनी उघडायचं. याला जोखीम आहे, दीड वाजता भुकेलेला पाहुणा वचनं ऐकत नाही. दुसरा, आणि हाच मी सुचवेन: माळांनंतर लगेच, अक्षता अजून हातातच असताना, दोघांनी उभ्यानेच प्रत्येकी दीड मिनिट बोलायचं, सगळ्यांसमोर. सप्तपदीला मग फक्त एकेक ओळ, घरच्यांपुरती.

त्या सात ओळी लिहिताना मूळ मंत्रांचे विषय धरा, नाहीतर सगळी वचनं ‘मी तुझी साथ देईन’च्याच आवृत्त्या होतात. मूळ क्रम असा: इष म्हणजे अन्न, ऊर्जा म्हणजे बळ, रायस्पोष म्हणजे संपत्तीची वाढ, मायोभव्य म्हणजे सुख, प्रजा, ऋतू, आणि सातवं ‘सखा सप्तपदी भव’, सख्य. संस्कृतात ‘एकपदी’, ‘अनुव्रता’ ही रूपं स्त्रीलिंगी आहेत, कारण बोलणारा वर आहे. वधूने तेच उलट म्हणायचं तर रूपं बदलावी लागतात आणि ती हमखास चुकतात. संस्कृत गुरुजींकडे राहू द्या, मराठी ओळ दोघं आळीपाळीने म्हणा. नमुना म्हणून:

पहिलं पाऊल: जो आधी घरी येईल तो कुकर लावेल, आणि जेवायला दुसऱ्याची वाट पाहील.
दुसरं: तुझं दुखणंखुपणं मला तूच आधी सांगशील, बाहेरून कळायची वेळ येणार नाही.
तिसरं: पैशाचा हिशोब दोघांना माहीत असेल, कर्ज दोघांच्या सहीशिवाय नाही.
चौथं: तुझ्या आईवडिलांचं घर मला पाहुण्यासारखं असणार नाही.
पाचवं: मूल कधी, किती, की नाहीच, हे आपण दोघं ठरवू आणि बाकीच्यांना उत्तरही दोघं मिळून देऊ.
सहावं: बदली, नोकरी, आजारपण, काहीही येवो, शहर बदलायचं तर आधी बोलून.
सातवं: भांडू, पण अबोला रात्रीपलीकडे नेणार नाही.

एका ओळीत १५ शब्दांच्या वर जाऊ नका. ‘मी वचन देतो की मी सदैव तुझ्यासोबत असेन’ ही वाक्यरचना मराठीत सरकारी शपथेसारखी वाजते; घरी जसं बोलता तसं लिहा. सासूवरचे, स्वयंपाकावरचे विनोद टाळा, ते व्हिडिओत वीस वर्षं राहतात. दोघांनी स्वतंत्र लिहून तिसऱ्या कोणाला तरी दाखवावं, कारण एकाचं दोन ओळी आणि दुसऱ्याचं दोन पानं असं झालं की कमी बोलणारा कमी प्रेमळ ठरतो. पाचव्या पावलावर आजी काही बोलण्याची शक्यता आहे. आजीला आधीच वाचून दाखवा.

सप्तपदीला जागाही लागते. तांदळाच्या सात राशी, प्रत्येकीवर सुपारी, दोन राशींत दीड फूट. म्हणजे साधारण दहा फुटांची सरळ पट्टी, ईशान्येकडे जाणारी. कार्यालयाच्या स्टेजवर सोफा, कमान आणि फुलांचे खांब यांतून उरते चार फूट. मग राशी एकमेकींना चिकटतात आणि पावलं म्हणजे सात उड्या होतात. डेकोरेटरला ही पट्टी आधीच खडूने आखून द्या. राशीला मूठभर तांदूळ पुरतात, सगळे मिळून किलोभरही होत नाहीत.

माइकबद्दल दोन गोष्टी. नवरीला कॉलरचा माइक लावू नका; हिरव्या चुड्याचा किणकिणाट आणि शालूची सळसळ यांत शब्द बुडतात. स्टँडवरचा एक माइक दोघांत, गुरुजींना वेगळा. आणि साउंडवाल्याला लेखी द्या की १२ वाजून १० ते १२ वाजून ३५ मिनिटांपर्यंत सनईची रेकॉर्ड बंद, फक्त माळांच्या क्षणी दहा सेकंद वाजंत्री. हे तोंडी सांगितलेलं कधीच लक्षात राहत नाही. फोटोग्राफरने पाहुण्यांकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हेही त्याच कागदावर.

होम एसी हॉलमध्ये असेल तर धुराचा प्रश्न येणारच. धूर बहुतेकदा ओलसर समिधांमुळे आणि लाह्या एकदम ओतल्यामुळे होतो. समिधा आठवडाभर उन्हात वाळवा, कुंड लहान घ्या, गोवऱ्या एकदोनच. लाह्या साळीच्या, पाव किलो पुष्कळ. एका वेळी ओंजळभर, आच धरल्यावर. धुराचा भोंगा असेल तर कार्यालयाच्या माणसाला आदल्या दिवशी विचारा की तो त्या तासापुरता बंद करता येतो का. परदेशात हेच लग्न लावणाऱ्यांना तर उघड्या अग्नीची हॉलची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, नाहीतर शेवटी मेणबत्तीभोवती फेरे होतात. लाह्या भावानेच द्याव्यात असं नाही. बहीण देऊ शकते, मैत्रीण देऊ शकते. जॉर्जेट किंवा कृत्रिम धाग्याचा शेला घेऊन कुंडापाशी वाकू देऊ नका, एवढं मात्र पाळाच.

अक्षता वाया जातात म्हणून पाकळ्या उधळायची टूम आहे. गुलाबाच्या ठीक. झेंडूच्या ओल्या पाकळ्या स्टेजवर घसरवतात आणि पैठणीवर डाग पाडतात. तांदूळच ठेवायचे असतील तर माणशी २० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला पाच किलो पुरे. किलोला दोन चमचे कुंकू आणि चमचाभर तूप चोळून सावलीत पसरा. पाणी जास्त झालं की ढेकळं होतात आणि ती डोक्यावर लागतात.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. लक्ष्मीपूजनाला तबकातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. नाव बदलायचं नसेल तर दोघांची आहेत तीच नावं दोघांनी लिहावीत, विधी होतो आणि कोणी रुसत नाही. रुखवत भाड्याने मिळतं, नेमकं तेच शेजारच्या हॉलमध्येही असतं. त्या टेबलावर दोघांच्या घरातल्या एकेक जुन्या वस्तू आणि खाली दोन ओळी लिहून ठेवल्या तर लोक खरंच थांबून वाचतात. उखाणा तर मुळातच स्वतः रचायचा असतो. यादीतला पाठ केलेला उखाणा घेण्यापेक्षा मोडका पण स्वतःचा घ्या, आणि नवऱ्यालाही घ्यायला लावा, गुजरातीत चालेल. कानपिळी (मुलीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळणं) ठेवा, मुलांना मजा येते. झाल हा मुलीला सासरच्यांच्या हवाली करण्याचा विधी आईसाठी जड असतो. तिला नको असेल तर आग्रह नको.

पाहुण्यांसाठी एक घडीचा कागद छापा: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, आत्ता काय चाललं आहे ते विधीगणिक दोन ओळींत. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. शंभर प्रती पुरतात, माणशी एक लागत नाही. अक्षतांच्या पुड्यांबरोबरच वाटा. दारात वाटले तर पंख्यासारखे वापरले जातात.

गुरुजींशी ठरवताना पैशाचं आणि वेळेचं स्पष्ट बोला. हंगामात एकेका गुरुजींची दिवसाला दोन लग्नं असतात. तुमचे मराठी अर्थ, दोघांची वचनं, नांदीश्राद्धातली वाक्यं यांनी त्यांची पाऊण तास जास्तीची वेळ जाणार आहे, त्याची दक्षिणा वेगळी धरा आणि पुढचं लग्न किती वाजता आहे ते विचारा. काय वगळायचं याची यादीही त्यांच्याचकडून घ्या. एक वाढवलं तर एक काढायचं, हा हिशोब ठेवला तर दोन तासांत बसतं. नाहीतर जे आपलं म्हणून घातलं तेच शेवटी घाईत उरकलं जातं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनानंतर अर्धा तास रिकाम्या स्टेजवर चालून पाहा: कोण कुठे उभं, माइक कोणाच्या हातात, अंतरपाट कुठून येणार.

आणि नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत विवाह निबंधकाकडे अर्ज द्यायचा असतो. तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही लागते. तुमचे दोन गुरुजी असतील तर सही कोण करणार ते आधी ठरवा. अर्ज भरून, छापून, पेनसकट आईच्या पिशवीत ठेवा आणि गुरुजी जेवायला बसण्याआधी सही घ्या. तळेगावच्या दुसऱ्या लग्नाला निघालेले गुरुजी नंतर सहीसाठी महिनाभर सापडत नाहीत.